चार बोटं उंची

मी उंची बोलतेय. हसू नका. माझी स्वतःची उंची जेमतेम चार बोटं आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण नाव ठेवणारा माणूसच गमत्या असला तर त्याला मी काय करणार? तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हा तर लाकडाचा ठोकळा! एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला पत्रा, पत्र्यावर दोन वाकड्या क्लिपा. आणि हो, पत्र्यावर ठोकलेला एक सात अंकी आकडा. त्या आकड्यानं माझे जे हाल केले, ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल.

माझा जन्म धावपट्टीच्या कडेला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक पिवळं विमान असे. पुढे एक पंखा, कापड ताणून बसवलेले पंख आणि बसायला एकच जागा. डोंगरापलीकडच्या वस्त्यांना टपाल आणि औषधं पोचवायचं त्याचं काम. ते चालवणारे सगळे ताडमाड पुरुष. विमानात शिरताना प्रत्येकाचं डोकं एकदा तरी आपटायचंच.

अशा ठिकाणी ताई नोकरीला आली. परीक्षेत पहिली, हात स्थिर, नजर घारीची. पण उंचीला पाच फुटांहून चांगलीच कमी. ती जिथे शिकली तिथल्या विमानाची सीट पुढेमागे सरकायची. आमच्या विमानाची सीट जागची हलायला तयार नव्हती. पाठीमागे उशी घातली तर विमान हाकायचा दांडा पोटात रुतायचा आणि उशी काढली तर पाय पॅडलपर्यंत पोचायचे नाहीत. तिथल्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पाय पोचत नाहीत तर टपालाच्या टेबलावर बसू दे तिला. शिक्के मारायला पाय लागत नाहीत."

विमानाखाली मिस्त्री झोपून काम करत होते, त्यांनी ते ऐकलं. ते बाहेर सरकले, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "ताई, पाय लांब करा बघू." मग तिचा बूट आणि पॅडल यांच्या मधल्या जागेत त्यांनी आपली बोटं आडवी धरली. एक, दोन, तीन, चार. "चारच बोटं? एवढ्यासाठी माणूस परत पाठवायचा असतो होय!"

दोन दिवसांत आम्ही दोघी तयार झालो. मी डावी, बहीण उजवी. लाकूड सामानाच्या खोक्याचं, चामडं फाटक्या टपालपिशवीचं. पाठीचा पत्रा मिस्त्रींनी पेट्रोलच्या टाकीच्या एका मोडक्या ब्रॅकेटमधून कापला. आकडा त्या ब्रॅकेटचा होता. घासून काढायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून तो माझ्या पाठीवर तसाच राहिला.

आम्हाला पॅडलवर कायमचं ठोकून चालणार नव्हतं. कारण ताई उतरली की दुसरा कुणी ताडमाड चढणार, आणि आम्ही तिथेच राहिलो असतो तर त्याचे गुडघे हनुवटीला लागले असते. म्हणून या क्लिपा. ताईनं आम्हाला बरोबर घेऊन चढायचं, टकटक असं दोन्ही पॅडलवर बसवायचं, आणि उतरताना काढून आणायचं. मिस्त्री रोज सकाळी ओरडून विचारायचे, "ताई, उंची घेतलीत का?" ताई आम्हाला वर धरून दाखवायची. संध्याकाळी ते हात पुढे करायचे, "आणा उंची इकडे. घरी नेलीत तर दाराच्या चौकटीला डोकं आपटेल." तेव्हापासून आमचं नाव उंची. शेडमध्ये ते सगळ्यांच्या तोंडी झालं. कुणी नवा माणूस आला आणि गोंधळला तर त्याची तेवढीच फजिती.

माझं काम सोपं वाटेल, पण सोपं नव्हतं. डावं पॅडल दाबलं की तारा ओढल्या जातात, शेपटीवरचं सुकाणू डावीकडे वळतं आणि विमानाचं नाक डावीकडे जातं. म्हणजे आधी ताई, मग मी, मग पॅडल, मग तारा, मग सुकाणू. या रांगेत माझा नंबर दुसरा होता, हे नम्रपणे नमूद करते. माणसाचा स्वभाव चेहऱ्यावर दिसतो म्हणे. मला चेहरे फारसे दिसले नाहीत, पण तळवे ओळखता येतात. वारा आडवा आला की ताईच्या बुटातली बोटं आखडायची. डोंगर पार झाला की टाच माझ्यावर ताल धरायची. लहानपणी कधीतरी तिचा डावा पाय मुरगळला असावा, कारण ती तो नेहमी बाहेरच्या कडेवर भार देऊन दाबायची. माझं चामडं त्या कडेला झिजत गेलं. एखाद्याचं बोलणं कळावं तसं मला ते दाबणं कळायचं.

सात वर्षं अशी गेली. मग दुसऱ्या ठाण्यावर नवं विमान आलं, सरकत्या सीटचं, आणि ते चालवायला ताईची बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी तिनं आम्हाला मिस्त्रींच्या हातात दिलं. तिला आमची गरज उरली नव्हती, याचा मला आनंदही झाला आणि रागही आला. मिस्त्रींनी आम्हाला फळीवर ठेवलं. ते निवृत्त झाल्यावर बहिणीला कुणी तरी लंगड्या कपाटाच्या पायाखाली सारलं आणि ते कपाट तिच्यासकट कुठे गेलं, देव जाणे. मला एका खोक्यात टाकलं.

त्या खोक्यात मी किती वर्षं काढली, मोजली नाहीत. सोबतीला एक कप्पी, सतरा स्प्रिंगा आणि काच फुटलेलं एक उंचीमापक होतं. ते स्वतःला फार मोठं समजे. एकदा मी त्याला म्हटलं, "एवढा तोरा आहे तर मोज बरं मला." त्याचा काटा शून्यावरून हलला नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

मग एके दिवशी खोक्याचं झाकण उघडलं आणि मी एका लांब टेबलावर आले. जुन्या विमानांचं एक संग्रहालय आहे, त्याच्या मागच्या शेडमधलं ते टेबल. आमचं पिवळं विमान तिथेच समोर उभं होतं, अर्धं रंगवलेलं! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण मला बघून कुणाला काही झालं नाही, कारण मी कोण हे कुणालाच कळेना.

दर शनिवारी तिथे दोन निवृत्त माणसं येतात. एक कॅटलॉगकाका. जन्मभर विमानांच्या सुट्या भागांचं कोठार सांभाळलेले. त्यांच्याकडे अकरा जाडजूड कॅटलॉग आहेत आणि त्यात जे नाही ते जगात नाही, अशी त्यांची खात्री. दुसरे लेथवाले. जन्मभर लेथवर काम केलेले, हात कामात आणि तोंड चेष्टेत. खोक्यातून निघालेली अनोळखी वस्तू टेबलावर ठेवायची, तिला चिठ्ठी बांधायची आणि तीन शनिवार ओळख पटवायचा प्रयत्न करायचा. तीन शनिवारांत नाहीच पटली तर भंगाराच्या पिंपात. असा तिथला नियम. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "अनोळखी, क्रमांक ४१. ठोकळा."

ठोकळा! नाव राहिलं बाजूला, निदान बाईमाणूस समजून तरी बोलावं.

पहिल्या शनिवारी काकांनी भिंग लावून माझा आकडा वाचला, चौथा कॅटलॉग उघडला आणि टेबलावर थाप मारली. "टाकीचा ब्रॅकेट! लख्ख लिहिलंय."

लेथवाले म्हणाले, "ब्रॅकेटला चामडं कशाला लावतील हो? टाकीला गुदगुल्या होऊ नयेत म्हणून?"

"आकडा खोटं बोलत नाही."

मग काकांनी मला टाकीखाली बसवायचा प्रयत्न केला. उभं, आडवं, उलटं. त्यांच्या कपाळाला घाम आला, माझ्या एका क्लिपेला बाक आला. शेवटी त्यांनी मला नाकाशी धरलं. पेट्रोलचा वास येतो का, हे बघायचं होतं. "पेट्रोल नाही," ते तोंड वाकडं करून म्हणाले, "वेगळाच काहीतरी वास आहे." अहो काका, सात वर्षं तुम्ही बुटाखाली राहून बघा!

दुसऱ्या शनिवारी लेथवाल्यांनी मला दार अडवायचा ठोकळा, फळा पुसायचं डस्टर आणि काकांची बसायची गादी, असं सगळं ठरवून पाहिलं. नावं सगळ्यांनी ठेवली, पण नाव कुणी सांगेना. तरी त्या दिवसापर्यंत माझी करमणूकच होत होती. खरी काळजी लागली ती दुपारी, संग्रहालयाच्या मॅडम एक पत्र घेऊन आल्या तेव्हा.

पुढच्या महिन्यात पिवळं विमान लोकांसाठी मांडायचं होतं. शेजारी पाटी लागणार होती, हे विमान चालवणाऱ्या वैमानिकांच्या नावांची. सहा नावं ठरली होती, सगळी त्या ताडमाडांची. उड्डाणांची वही होती, पण मधल्या सात वर्षांच्या पानांवर कधीतरी छत गळून पानांचा लगदा झाला होता. आणि आता एका शहाऐंशी वर्षांच्या आजींचं पत्र आलं होतं. मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं.

"सात वर्षं हे विमान मी चालवलं. रोज सकाळी आधी उंची घ्यायची, मग विमानात चढायचं आणि उतरल्यावर उंची मिस्त्रींना परत द्यायची, असा आमचा नेम होता. माझ्या घरच्यांनाही आता ही गोष्ट खरी वाटत नाही. नातवंडं हसतात. पाटीवर माझं नाव यावं, एवढीच विनंती. मी फार दिवस वाट बघू शकेन असं नाही."

माझं लाकूड आतून थरथरलं. ताई! ताई जिवंत होती, आणि तिला खोटं ठरवायला लोक टपले होते.

"आधी उंची घ्यायची, मग विमानात चढायचं?" काकांनी चष्मा काढला. "अहो, विमानात चढल्याशिवाय उंची घेता येते का?"

"जिन्यानं घेत असतील," लेथवाले म्हणाले.

"आणि उतरल्यावर परत द्यायची म्हणे. मॅडम, या बाईंनी विमान आतून बघितलेलं नाही. विमानात बसलेला माणूस असं लिहिणारच नाही."

आता यात ताईची काय चूक? तिला वाटलं, उंची म्हणजे काय हे विमानवाल्यांना काय समजावून सांगायचं! आणि विमानवाल्यांना उंची म्हटलं की फक्त आभाळ दिसायचं. चार बोटांची उंची टेबलावर त्यांच्या कोपराशी पडली होती. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं फक्त शेजारी मांडलेल्या उंचीमापकाला ऐकू येत होतं आणि त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

मॅडमना वाईट वाटत होतं. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, आजी, तुमची उंची किती? पलीकडून आकडा आला. काकांनी टेप घेऊन सीट ते पॅडल अंतर मोजलं आणि मान हलवली. "पायच पोचणार नाहीत. मला कुणाशी वैर नाही, मॅडम. पण मागे आपण एक नाव ऐकीव गोष्टीवर लिहिलं आणि ते चुकीचं निघालं. त्या घरची माणसं इथे येऊन पाटीसमोर उभी राहिली होती. मला पुन्हा ती वेळ नको." मॅडमनी नकाराचं पत्र लिहिलं. सोमवारी ते टपालात पडणार होतं. नंतर कळलं की मॅडमचं मन धजेना आणि पत्र आठवडाभर त्यांच्या खणातच राहिलं.

तिसऱ्या शनिवारी काकांनी माझी चिठ्ठी सोडली आणि मला पिंपात टाकलं. भंगाराची गाडी सोमवारी येणार होती. मी गेले असते त्याचं काही नाही, माझं वय झालंय. पण माझ्याबरोबर ताईची सात वर्षं वितळली असती.

त्या दिवशी सीटची नवी गादी बसवायला बूटवाल्या मावशी आल्या होत्या. चौकात त्यांचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आहे, आणि चामड्याचं काही असलं की संग्रहालय त्यांनाच बोलावतं. शिवण ठोकून सपाट करायला त्यांना खाली टेकवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी पिंपात हात घातला आणि मला बाहेर काढलं. हातोडी उगारली. मग थांबल्या. माझ्या चामड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, कडेपर्यंत नेला आणि परत आणला.

"हा पाय कुणाचा हो?" त्यांनी विचारलं.

काकांनी मान वर केली. "पाय? तो टाकीचा ब्रॅकेट आहे. म्हणजे आकड्याप्रमाणे."

"आकडा तुम्ही बघा. मी झीज बघते. डावा पाय आहे. छोटा आहे, बाईचा किंवा लहान चणीच्या माणसाचा. बाहेरच्या कडेवर भार देते. ही बघा इथे टाच टेकायची. वर्षानुवर्षं एकाच पायानं वापरलंय."

लेथवाले पुढे आले. पहिल्यांदाच त्यांना चेष्टा सुचली नाही. "पायाखाली घ्यायचा ठोकळा? कशासाठी पण?"

"कशासाठी काय! पाय पुरत नाही म्हणून. माझ्याकडे येतात की अशी गिऱ्हाइकं. म्हणतात, मावशी, टाचेला दोन बोटं उंची द्या. मी देते. हिला चार बोटं दिलीय."



"काय दिलीय म्हणालात?" काकांनी अगदी हळू विचारलं.

"उंची."

काका उठले. त्यांची खुर्ची मागे पडली, ती उचलायचंही भान राहिलं नाही. मावशींच्या हातातून त्यांनी मला घेतलं, विमानाच्या शिडीवर चढले, आत वाकले आणि डाव्या पॅडलवर मला दाबलं. टक. एक क्लिप त्यांनीच वाकवलेली होती, तरी बसले मी. त्यांनी मला हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं. मग तिथेच वाकलेल्या स्थितीत ते म्हणाले, "आधी उंची घ्यायची, मग विमानात चढायचं. बरोबरच लिहिलंय हो बाईंनी. शब्दन् शब्द बरोबर लिहिलाय." बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "मॅडम, ते पत्र टाकलंत का?" खणातून पत्र निघालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लेथवाल्यांनी आठवडाभरात माझ्या मापाची एक उजवी बनवली. नवी कोरी, चकचकीत, पाठीवर आकडा नाही. अजून तिला काही कळत नाही, पण शिकेल.

आणि आज शनिवार आहे. ताई आलीय.

सुनेचा हात धरून ती शेडमध्ये आली. केस पांढरे, पाठीला बाक. मला तिच्या हातात दिलं. चामड्याच्या झिजलेल्या कडेवर तिनं बोट ठेवलं आणि नुसती हसत राहिली. सून म्हणाली, "आई, म्हणजे हे सगळं खरं होतं?" ताई म्हणाली, "नाही ग. पोरांना झोप यावी म्हणून सांगत होते."

मग तिनं विमानात बसायचा हट्ट धरला. शिडी धरली, कंबर धरली, सगळ्यांनी मिळून तिला चढवलं. ती सीटवर टेकली, दांडा हातात घेतला, पाय पुढे केले. मी पॅडलवर सज्ज. आणि काय सांगू, ताईचा बूट माझ्यापर्यंत पोचेचना! मध्ये दोन बोटं नुसती हवा. वयानं ताई आखडलीय, आणि आता मीसुद्धा कमी पडतेय.

"माझी गादी नवी आहे ना," मावशी घाईघाईनं म्हणाल्या, "अजून दबली नाही, म्हणून."

"गादीला कशाला नावं ठेवताय?" ताई म्हणाली. "मीच आटले." पण बुटात तिची बोटं आखडली, ते मला बुटाच्या सुरकुतीवरून दिसलं.

तेवढ्यात कॅटलॉगकाका विमानाच्या पुढच्या बाजूला अजून पत्रा बसवला नव्हता तिथून आत शिरले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी पोटावर सरपटत पॅडलपर्यंत आले. त्यांनी क्लिपा सोडवून मला काढलं, आपला पंजा पॅडलवर पालथा ठेवला आणि त्या पंजावर मला धरलं. बरोबर दोन बोटं भरली.

"दाबा, बाई."

"तुमचा हात चिरडेल."

"चिरडू दे. दाबा."

ताईनं पाय टेकवला. बाहेरच्या कडेवर भार देऊन, अगदी तसाच. मी पंजावर, पंजा पॅडलवर, तारा करकरल्या आणि शेपटीकडून लेथवाले ओरडले, "वळलं! डावीकडे वळलं!"

ताईनं मॅडमकडे पाहिलं. "आता लिहा," ती म्हणाली.

मॅडम पाटीच्या यादीत सातवं नाव लिहितायत. काका खालून विचारतायत, बाई, झालं का? ताई म्हणतेय, थांबा, अजून डोंगर यायचाय. तिची टाच माझ्यावर ताल धरू लागलीय, तेव्हा मंडळी, तुमचा निरोप घेते. कामाच्या वेळी मी बोलत नाही.